मानुकचा वाडगा

सून चांगली नव्हती, याबद्दल सांदुख्तच्या मनात आता काही शंका उरली नव्हती.

लग्न करून आणली तेव्हा असं वाटलं नव्हतं. हाताला चपळ, नजर खाली, पीठ मळताना चिमूटभरही सांडायची नाही. पण यंदाचं बर्फ पडायला लागल्यापासून वार्तेरच्या अंगात काहीतरी शिरलं होतं. संध्याकाळी सगळे तोनिरच्या, जमिनीत खणलेल्या भट्टीच्या, उबेला गोल करून टेकले की ही वाडगे मांडायची. आधी दीर कालुस्तचा, मग धाकट्या मुलाचा, तोरोसचा, मग सांदुख्तचा, आणि स्वतःचा लांब, दाराशी. नवऱ्याचा, मानुकचा, मांडायचीच नाही.

पहिल्यांदा सांदुख्तनं विसरली म्हणून सोडून दिलं. दुसऱ्यांदा दंडाला चिमटा काढला. तिसऱ्यांदा सगळ्यांदेखत विचारलं, "का गं, माझा थोरला या घरात जेवत नाही का?" पोरीनं मान खाली घातली, डोळ्यांतून पाणी काढलं, आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच. तेव्हापासून सांदुख्त स्वतःच उठायची. फळीवरून मुलाचा लाकडी वाडगा काढायची. त्याच्या काठावर मानुकच्या दुधाच्या दातांचे ओरखडे होते. ताक घालून शिजवलेली गव्हाची पेज त्यात ओतायची आणि त्याच्या जागेवर ठेवायची. ती पेज रात्रभर निवायची, वर साय धरायची, आणि सकाळी सांदुख्त ती उभ्याउभ्या पिऊन टाकायची. मुलाच्या वाट्याचं कोंबड्यांना घालणारी बाई ती नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात झारचं लष्कर कारिन शहराचा किल्ला घेऊन पुढे बायबुर्टच्या वाटेला लागलं, तेव्हा मानुक त्यांच्या धान्याच्या गाड्यांबरोबर गेला होता. तो अजून यायचा होता. नवरा यायचा आहे आणि बायको त्याचा वाडगा मांडत नाही! अशा बाईला काय म्हणायचं?

विचारून उत्तर मिळण्यातलं नव्हतं. सुनेनं नाकापासून हनुवटीपर्यंत फडकं बांधायचं आणि घरातल्या वडीलधाऱ्यांपुढे, दिरापुढे शब्द काढायचा नाही, ही रीत. सासू स्वतःच्या हातानं ते फडकं सोडेल तेव्हा सून बोलायला मोकळी. बहुतेक घरांत पहिलं मूल झालं की सोडतात. वार्तेरला मूल झालं नव्हतं. सांदुख्तनंही मानुक पोटी येईपर्यंत तोंड बांधलं होतं, आणि त्यानंतर आजपर्यंत वहिनी त्याचीच भरपाई करताहेत, असं तिचा धाकटा दीर कालुस्त गावभर सांगायचा.

तोवर सुनांचं काम खुणांवर चालायचं. पाण्याला खूण होती, मिठाला होती. गाय व्यायली, पीठ संपलं, पाहुणा आला, पोटात दुखतंय, सगळ्याला खूण होती. वाडगा न मांडणं ही कसली खूण?

आणि काल तर कहरच झाला. अंगणात तोरोस गाडी जुंपून बघत होता. तांबडा बैल उजवीकडे, कालुस्तचा म्हातारा बैल डावीकडे. तांबडा फुरफुरायला लागला, ओहोळाच्या काठाशी येऊन अडला, चाबकालाही बधेना. तेवढ्यात ही शेणाची पाटी टाकून आली, दोन पुरुष उभे असताना सरळ जुवाला हात घातला, जुपण्या सोडल्या, तांबड्याला फिरवून डावीकडे आणला आणि पाटी उचलून निघून गेली. तांबडा मुकाट ओहोळ उतरला. तोरोस हसला. कालुस्तनं मिशीवरून हात फिरवला. सांदुख्तनं मात्र मनात नोंद करून ठेवली. जुवाला बाईचा हात. तोही न विचारता.

आता मात्र हे सगळं कुठे काढायचं? उद्या सकाळी सगळं गाव घरं सोडून निघणार होतं.

झारनं सुलतानाकडून कारिन घेतलं होतं, आणि एक हिवाळा राहून परत देऊन टाकलं होतं. कुठल्याशा लांबच्या शहरात दोघांचे कारभारी बसले आणि ठरलं म्हणे. पाहुण्यानं ताटात हात घालून सगळं चिवडावं आणि मग भूक नाही म्हणून ताट सरकवावं, तसा सांदुख्तच्या लेखी तो प्रकार होता. चिवडलेले आपण. ज्यांनी ज्यांनी झारच्या लष्कराला पीठ पोचवलं, वाट दाखवली, दारात उभं राहून मीठभाकर दिली, त्यांची तोंडं आता सुलतानाच्या माणसांच्या ओळखीची झाली होती. बिशपनं चर्चमध्ये उभं राहून सांगितलं, चला. सीमेपलीकडे अखलकलाकचं पठार आहे, जमीन मिळेल. शेवटची पलटण उद्या निघते, तिच्या मागं गाड्या लावा. मागं राहील त्याची जबाबदारी त्याच्यावर.

कालुस्त दुपारपासून धाब्यावर चढला होता. घर आणि गोठा एकाच धाब्याखाली; त्यावरची माती त्यानं ओढून टाकली होती आणि मधली तुळई मोकळी करत होता. वरून उजेडाचा मोठा तुकडा गाईंच्या पाठीवर पडला होता. या गोठ्यात इतका उजेड कधीच आला नव्हता. गाई बावचळून एका कोपऱ्यात सरकल्या होत्या.

"भावजी," सांदुख्तनं खालून हाक मारली, "उतरा खाली. हाडं मोडून घ्याल, आणि झारच्या राज्यात तुम्हाला भरवायला मी नसेन."

"वहिनी, तिकडं झाड नाही म्हणतात. नुसतं गवत आणि वारा. ही तुळई असली तर डोक्यावर धाबं येईल."

"आणि माझा मुलगा इथं आला तर त्याच्या डोक्यावर काय येईल?"

वर हातोड्याचे दोन घाव पडले.

"ही तुळई तुमच्या भावानं सोगानलीच्या जंगलातून आणली," सांदुख्त म्हणाली. "आणताना डाव्या हाताची बोटं चेचून घेतली. मला एका शब्दानं विचारलंत?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात."

"म्हणजे उत्तर ठाऊक होतं. तरी चोरी केलीत."

कालुस्त धाब्याच्या काठावर येऊन बसला. साठी जवळ आलेला माणूस, पण पाय असे खाली सोडून बसला की सांदुख्तला तो लहान दीरच दिसायचा. ती या घरात आली तेव्हा तो तिच्या मागं मागं पीठ चोरत फिरायचा.

"मानुक हुशार आहे," तो म्हणाला. "झारच्या लष्करात आहे. लष्कर गेलं तिकडं तोही गेला असणार. आपण इथं त्याची वाट बघतोय आणि तो तिकडं आपली. असं असलं तर?"

"तर मग माझ्यापेक्षा जास्त दिवस वाट बघायला तो तरुण आहे. मी इथंच बसते. गावात कुणीतरी असायला हवं, जे त्याला सांगेल सगळे कुठे गेले."

"वहिनी, तुमचं अंग थकलंय..."

"काय अंग? माझं अंग मला ठाऊक आहे."

कालुस्तनं विषय बदलला. बदलायचा म्हणून नव्हे. तोही त्याला बोलायचाच होता. "गाडी एक आहे. तुळई, धान्य, नांगराचा फाळ, गोधड्या. माणसं कमी केली तर बैलांचं भलं होईल. सूनबाईच्या बापाचं गाव वाटेत लागतं. तो जात नाहीये. जमीनदाराची, बेची, गिरणी चालवतो, त्याला कोण हात लावणार? तिला तिथं उतरवावं म्हणतो मी. पोर नाही, बाळ नाही. नवऱ्याचा पत्ता नाही. नव्या जागी एक तोंड वाढवायचं कशाला?"

"तोंड तर बांधलेलंच आहे तिचं," सांदुख्त म्हणाली.

गोठ्याच्या कोपऱ्यात वार्तेर वाळलेल्या गोवऱ्या पाटीत रचत होती. तिचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले.

"ऐका, भावजी. ती मला आवडत नाही, हा माझा आणि तिचा मामला. पण ती मानुकची बायको आहे. उद्या तो समोर उभा राहिला आणि म्हणाला, आई, माझी बायको कुठं ठेवलीस, तर काय सांगू? जास्तीचं ओझं होतं म्हणून वाटेत उतरवली? मानुक जिवंत आहे तोवर तिची जागा तिची. तुळई उतरवा वाटलं तर."

वार्तेर पाटी घेऊन दोघांच्या मधून गेली. फडक्यावर फक्त डोळे दिसत होते, आणि सांदुख्तला त्या डोळ्यांत आभार दिसायला हवे होते. ते नव्हते. भीती होती. काय ही पोरगी, तिच्या मनात आलं. बाजू घेतली तरी हिचं तोंड वाकडंच.

उन्हं उतरताना दुरसुन आला. वरच्या मुसलमान गावचा मेंढपाळ, सांदुख्तच्या नवऱ्याचा जुना सोबती. दोघांनी एकाच वर्षी एकाच ओढ्यावर लांडगा मारला होता आणि कातडं कुणाचं यावरून जन्मभर वाद घातला होता. त्यानं पनीरची चामडी पिशवी दारात ठेवली, आणि तो आत न येता उंबऱ्याशीच उकिडवा बसला.

"वाटेत लागेल तुम्हाला," तो म्हणाला. "मीठ जास्त घातलंय. टिकेल."

"मी जात नाही, दुरसुन."

"ऐकलं. म्हणून तर आलो, आक्का." त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तू म्हातारी बाई. तुला कोण काय करणार? कुणी काही म्हटलंच तर मी आहे. माझ्या अंगणातून कुणी तुझ्या अंगणात येणार नाही. पण तुझ्या धाकट्यासाठी मला शब्द देता येणार नाही."

"त्याला मी कुठं धरून ठेवलंय?"

"तू धरलं नाहीस. पण तू राहिलीस तर तो जाईल का? बेच्या वाड्यावर माणसं जमतात, तिथं त्याचं नाव निघतं. लष्कराचं पीठ नेलं ते नेलं, पण कारिनच्या बाजारातून त्यांची टोपी घालून फिरला. सगळ्यांनी बघितलं."

"गाढव आहे ते. थंडी होती म्हणे. कान गार पडले होते म्हणे."

"आक्का, आता कानांचा प्रश्न राहिलेला नाही. पलटण गेली की त्याच संध्याकाळी ते येतील. माझी स्वतःची पोरंही त्यांच्यात बसायला लागलीत. माझ्यापुढे काही बोलत नाहीत, पण बसतात." म्हाताऱ्यानं टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "मानुक आला तर मी त्याला तुमच्या मागं पाठवीन. माझा घोडा देऊन पाठवीन. एवढं माझ्यावर सोड."

"त्याला दुसऱ्याच्या तोंडून कळलेलं मला चालायचं नाही," सांदुख्त म्हणाली. "दारात आईच हवी."

दुरसुन उठला. जाता जाता अंगणात उभ्या तांबड्याच्या पाठीवर त्यानं थाप मारली. बैल दचकून बाजूला सरकला, तसा तो जरा वेळ त्याच्याकडे बघत राहिला, मग खांदे उडवून चालता झाला. सांदुख्तनं पनीर आत नेलं. सबंध घरात आता तोनिर आणि फळीवरचे वाडगे सोडले तर जागेवर काही नव्हतं.

शेवटची भाकरी वार्तेरनं भाजली होती. लांब पातळ लवाश, प्रवासाला पुरतील इतके, वाळवून थप्प्या लावलेले. तोनिरच्या पोटात निखारे होते. चौघं बसली. मोडक्या छपरातून आभाळ अजून निळं दिसत होतं. वार्तेरनं वाडगे मांडले. कालुस्तचा. तोरोसचा. सांदुख्तचा. स्वतःचा दाराशी.

सांदुख्त गुडघ्यावर हात टेकून उठली. फळीवर एकच वाडगा उरला होता. तिनं तो काढला, पेज ओतली, आणि मानुकच्या जागेवर ठेवला. ही आता घरची सवय झाली होती.

"उद्या तुम्ही उजाडताच निघा," तिनं सांगितलं. "मला पिठाचं एक पोतं ठेवा, शेळी ठेवा. गोवऱ्या आहेत. छप्पर गेलं तरी उन्हाळा येतोय. मानुक आला की त्याच्याबरोबर येईन."

तोरोसनं वाडगा खाली ठेवला. एकोणीस वर्षांच्या पोराला दाढी नीट फुटलेली नसते, पण हट्ट पुरता फुटलेला असतो. तो वाकला, प्रवासासाठी घट्ट बांधलेल्या चामडी जोड्याचे बंद सोडले, जोडे काढले, आणि तोनिरच्या काठाशी नेहमीच्या जागी नीट शेजारी शेजारी ठेवले.

"हे काय?" कालुस्त म्हणाला.

"काका, तुम्ही जा. गाडी तुम्ही न्या. मी आईजवळ राहतो."

"अरे, वेडा झालास का? दुरसुन काय सांगून गेला, ऐकलं नाहीस?"

"ऐकलं."

"घाल जोडे," सांदुख्त म्हणाली. "मी तुला थांब म्हटलंय का?"

"नाही म्हटलंस. पण तू थांबतेस. मग दादा आल्यावर त्याला काय सांगू? आईला बिनछपराच्या घरात सोडून पळालो?"

"तू मला शिकवू नकोस!"

"मी शिकवत नाही, आई. मी फक्त जोडे काढलेत."

कालुस्तनं मांडीवर हात आपटला. "बघा, वहिनी! बघा काय करताय! एकाची वाट बघता बघता दुसऱ्याला खड्ड्यात घालताय. त्यांनी याला अंगणात ओढला की मग तुम्ही दोन वाडगे मांडा फळीवरून काढून, दोन!"

"तोंड सांभाळा!"

"नाही सांभाळत! आज नाही सांभाळत! हा माझ्या भावाचा वंश आहे, एकटा उरलेला—"

"एकटा?" सांदुख्त उभी राहिली. "एकटा कसा? मानुक काय मेलाय?"

"हो."

आवाज पुरुषाचा नव्हता. कुणाचा होता हे क्षणभर कुणालाच कळलं नाही, कारण तो या घरात कुणी ऐकलेलाच नव्हता. जाडसर, घोगरा, बरेच दिवस न वापरलेल्या बिजागरीसारखा.

वार्तेर दाराशी उभी होती. फडकं तिनं स्वतःच्या हातानं हनुवटीखाली ओढलं होतं. तिचं तोंड उघडं पडलं होतं, आणि तोरोसनं मान दुसरीकडे वळवली.

"हो, आत्याबाई," ती म्हणाली. "बर्फ पडायच्या आत. छावणीत साथ आली होती. बायबुर्टच्या अलीकडे. मी पाणी भरत होते, तेव्हा लष्कराच्या आजाऱ्यांच्या गाड्या झऱ्यापाशी थांबल्या. त्यातला एक गाडीवान उतरला. मानुकच्या घरची कोण आहे म्हणून विचारत होता. मी हात वर केला. त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं. कपडे जाळले, म्हणून आणायला काही नव्हतं. गाड्या लगेच पुढे गेल्या."

तिनं नवऱ्याचं नाव घेतलं होतं. पहिल्या वाक्यात बोलली, आणि दुसऱ्या दमात नवऱ्याचं नाव. रीत म्हणून काही उरलंच नव्हतं.

"खोटं आहे," कालुस्त म्हणाला. पण त्याचा आवाज बसला होता. मग त्याला राग सापडला. "खोटं नसेल तर आणखी वाईट. हिवाळाभर गप्प बसलीस? का? मी सांगतो का. नवरा गेला म्हटलं तर पोर नसलेल्या बाईला या घरात काय जागा? वाट बघतोय तोवर भाकरी मिळतेय. दुपारी वहिनींनी काय म्हटलं ते तू ऐकलंस. मानुक जिवंत आहे तोवर तुझी जागा!"

"ऐकलं," वार्तेर म्हणाली. "म्हणूनच आता सांगतेय. आता ती जागा गेली, काका. मला ठाऊक आहे."



"गाडीवानानं खुणेचं काही सांगितलं?" हे तोरोसनं विचारलं, भिंतीकडे बघत. "कुणी दुसराच मानुक असेल."

"तापात एकच घोकत होते म्हणाला. घरी सांगा, तांबड्याला डावीकडेच जुंपा. त्याला उजव्या डोळ्यानं दिसत नाही. डावीकडे असला की उजवी बाजू जोडीदाराच्या आडोशाला राहते, मग बुजत नाही. आणि काकांना सांगू नका, ते विकून टाकतील."

बाहेर कुणाच्या तरी अंगणात चाकांना चरबी लावत होते. त्याचा चिवट आवाज येत होता. सांदुख्त दाराकडे गेली. वार्तेर बाजूला झाली.

तांबडा अंगणात बांधलेला होता. मानुकनं जायच्या आधी, वसंतात, याला नांगराला लावला होता, एकट्यानं. सांदुख्तनं बैलाची वेसण धरली. डाव्या डोळ्यापुढे तळहात नेला. बैलानं पापणी मिटली, मान मागे घेतली. मग ती दुसऱ्या बाजूला गेली. उजव्या डोळ्यापुढे तळहात नेला, अगदी पापणीच्या केसांपर्यंत. डोळा उघडाच राहिला. मोठा, ओला, आणि त्यात संध्याकाळचं आभाळ. ती हात तसाच धरून उभी राहिली. बैल शांतपणे रवंथ करत होता.

मागून कालुस्त आला. "नवऱ्यानं जाण्याआधी सांगितलं असेल तिला," तो हळूच म्हणाला. त्याला ते खोटं ठरायला हवं होतं, म्हणूनच म्हणाला.

"मग शरदातल्या नांगरटीला?" सांदुख्त बैलाशी बोलावं तसं बोलली. "हा तुमच्या हाती सरीसरीला अडला. ती भाकरी घेऊन बांधावर उभी होती. हलली नाही. तेव्हा तिला ठाऊक नव्हतं. काल ठाऊक होतं."

ती आत आली. मानुकच्या जागेवरच्या पेजेतून वाफ यायची थांबली होती.

"तू मला सांगायचं होतंस," ती वार्तेरला म्हणाली. आवाज चढला नाही, आणि ते तोरोसला जास्त भयंकर वाटलं. "खुणेनं सांगायचं होतंस."

"मेला याला खूण नाही, आत्याबाई."

"मग बाहेरच्या पोरींना सांगायचं. त्यांच्याशी बोलतेस ना? त्यांनी येऊन सांगितलं असतं."

"तुमच्या मुलाची बातमी पाणवठ्यावरून तुमच्या कानावर यावी, गावाला आधी कळून तुम्हाला शेवटी, हे मला नको होतं." पोरीचा आवाज आता मोकळा होत चालला होता. "आणि मी सांगत होते. रोज संध्याकाळी सांगत होते. वाडगा न मांडता. तुम्ही रोज उठून तो मांडायचात."

कालुस्त खाली बसला. दोन्ही हातांनी त्यानं टोपी चेहऱ्यावर ओढली आणि टोपीच्या आत तो एका लहान पोरासारखा रडायला लागला. भाऊ गेला तेव्हाही तो असाच रडला होता. तोरोस उठून त्याच्याजवळ जाऊन बसला, अनवाणी.

सांदुख्त रडली नाही. बायका जमवून, केस सोडून, नाव घेऊन रडायला गाव लागतं, दिवस लागतात. उद्या सकाळी दोन्ही नव्हतं. तिनं वाडगा उचलला. निवलेली पेज उभ्याउभ्या प्यायली, शेवटपर्यंत, रोज सकाळी प्यायची तशी. पदरानं वाडगा पुसला. काठावरच्या ओरखड्यांवरून अंगठा फिरवला. मग तो फळीवर न ठेवता गोधडीच्या गाठोड्यात, कपड्यांच्या मधोमध खोचला.

"जोडे घाल," ती तोरोसला म्हणाली.

तोरोसनं जोडे ओढले.

कालुस्तनं टोपी सारली. डोळे लाल झाले होते. "वहिनी," तो म्हणाला, आणि त्याला स्वतःलाच ते बोलायला जड गेलं, "मग हिचं... हिला बापाकडे... आता तसं बघितलं तर..."

"तुम्ही गप्प बसा, भावजी. मी बोलतेय."

ती वार्तेरपुढे जाऊन उभी राहिली. पोरगी सासूपेक्षा हातभर उंच होती. हे तिच्या आधी कधी लक्षात आलं नव्हतं, कारण पोरीची मान कायम खाली असायची. फडकं गळ्यात लोंबत होतं. गाठ मानेमागं तशीच होती. वार्तेरनं डोळे मिटले, थोबाडीत बसणार म्हणून.

सांदुख्तनं दोन्ही हात तिच्या मानेमागे नेले आणि गाठ सोडायला लागली. गाठ जुनी होती, घामानं आवळलेली, वेळ लागला. शेवटी तिनं ती दातानं सोडवली. फडकं हातात घेऊन ती दोन पावलं मागे आली.

"ऐक, वार्तेर. तू चांगली सून नाहीस. हिवाळाभर मला मेलेल्याला वाढायला लावलंस, ते मी विसरायची नाही, आणि मरेपर्यंत तुला ऐकवीन. चांगल्या सुनेनं आज तोंड उघडलं नसतं. मी इथं बसले असते, माझा दुसराही गेला असता, आणि ती आपली मान खाली घालून पीठ मळत राहिली असती. तसली सून मला आता नको. उद्या तांबड्याच्या बाजूनं तू चालशील, कासरा तुझ्या हातात, कारण त्याचा डोळा या घरात तुला एकटीला ठाऊक होता. तुझ्या बापाचं गाव आलं की त्याला हात कर आणि पुढे चल. आणि वाटेत मी कुठे चुकले, तर खुणा करत बसू नकोस. मोठ्यानं सांग. माझं ऐकू येणं अजून शाबूत आहे."